पुढच्या तारखेचा चेक

सिनेमा पडला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. हे आधी डोक्यात घाल, मग बाकीचं बोलू.

तुम्ही पाच-सहा जण मिळून सिनेमा करताय आणि पूर्व दिल्लीतला कुणी फायनान्सर पैसे द्यायला तयार झालाय, असं तुझ्या आईकडून कळलं. पैसे घ्या किंवा घेऊ नका, ते मी सांगणार नाही. नाटकवाल्यांना ‘नको’ ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. पैसे कसे घ्यायचे आणि कशावर सही करायची नाही, तेवढं तुझा मामा सांगू शकतो. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच लोकांचे चेक परत पाठवण्यात. निवृत्तीनंतर पटपडगंजला राहायला आलो तर कडकडडूमा कोर्ट शेजारीच निघालं. सकाळच्या फेरीला तिकडून जातो. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांत खुनी-दरोडेखोर क्वचितच दिसतात. दुकानदार, ठेकेदार, रिटायर झालेले मास्तर, एखादी शिवणक्लास चालवणारी बाई. यातले पुष्कळ जण चेकच्या केससाठी आलेले असतात.

याच कोर्टात तुमच्या संस्थेचा एक मोठा नट उभा राहिला होता. राजपाल यादव. शाहजहानपूरकडचा मुलगा, आधी लखनौची भारतेंदू नाट्य अकादमी, मग तुमचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, 1997 मध्ये बाहेर पडला. 2000 साली रामगोपाल वर्माच्या ‘जंगल’मध्ये त्यानं लोकांना दचकवलं आणि मग ‘हंगामा’, ‘चुप चुप के’, ‘भूलभुलैया’ असं करत हसवणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. 2010 मध्ये त्याला स्वतःचा सिनेमा दिग्दर्शित करावासा वाटला. यात काही गैर नाही, तुम्हालाही तेच वाटतंय. त्यानं दिल्लीच्या मुरली प्रोजेक्ट्स नावाच्या कंपनीकडून पाच कोटी रुपये घेतले. सिनेमाचं नाव ‘अता पता लापता’. नोव्हेंबर 2012 मध्ये तो लागला आणि आपटला.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. भगवानदादांचं काय झालं? 1951 च्या ‘अलबेला’नं पैसा आणला, ‘हंसते रहना’नं नेला. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि उरलेलं आयुष्य दादरच्या चाळीत काढून 2002 मध्ये ते वारले. वाईट वाटतं, पण गणपतीच्या मिरवणुकीत त्यांच्या नाचाची नक्कल आजही होते. नुकसान झालं म्हणून माणसाची पत जातेच असं नाही.

राजपालचं गणित सिनेमा पडल्यानंतर बिघडत गेलं. कंपनी हायकोर्टात गेली. तिथं खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल डिसेंबर 2013 मध्ये त्याला दहा दिवसांची कोठडी सुनावली आणि पहिल्यांदा तिहार बघावा लागला. नीट लक्षात घे, ही शिक्षा कर्जाची नव्हती. कोर्टापुढे ठेवलेल्या कागदाची होती. पुढे वायदे झाले, देण्यापोटी दिलेले सात चेक वटले नाहीत, आणि एप्रिल 2018 मध्ये कडकडडूमा कोर्टानं सातही खटल्यांत दोषी ठरवलं. सहा महिने साधी कैद आणि खटल्यामागे 1 कोटी 60 लाखांचा दंड. गुणाकार केलास की 11 कोटी 20 लाख होतात. मूळ रक्कम पाच कोटी होती. पत्नीलाही खटल्यामागे दहा लाख. त्याच वर्षी नोव्हेंबरात, कोर्टाला कबूल केलेले पैसे भरले नाहीत म्हणून हायकोर्टानं तीन महिने दिवाणी कैदेत पाठवलं. 2019 मध्ये सेशन्स कोर्टानं चेकच्या खटल्यांतला निकाल कायम केला. 2024 मध्ये हायकोर्टानं शिक्षा स्थगित करून तडजोडीला वाव दिला. पुन्हा वायदे, पुन्हा चुकलेल्या तारखा. फेब्रुवारी 2026 मध्ये हायकोर्टानं आणखी मुदत द्यायचं नाकारलं, आणि हा माणूस वयाच्या चोपन्नाव्या वर्षी परत तिहारच्या दारात उभा. दीड कोटी जमा केल्यावर शिक्षेला तात्पुरती स्थगिती मिळाली आणि तो बाहेर आला.

आता यात तुझ्या कामाचं काय आहे ते ऐक. या सगळ्या वर्षांत त्याला काम मिळत होतं. ‘भूलभुलैया 2’ 2022 मध्ये आला, तिसरा भाग 2024 मध्ये, दोन्ही तुफान चालले, दोन्हींत तो आहे. तेव्हा ‘मोठा रोल मिळाला की फेडू’ हा हिशेब तुम्ही मंडी हाउसच्या चहावर मांडत असाल तर आजच पुसून टाका. नटाची कमाई थेंबाथेंबानं येते आणि व्याज रात्रीसुद्धा झोपत नाही. महिन्याला दोन टक्के ऐकायला किती थोडे वाटतात! ते दरमहा मुद्दलात चढत गेले तर तीन वर्षं पुरी व्हायच्या आत रक्कम दुप्पट होते. कॅल्क्युलेटरवर करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

सगळ्यात आधी चेक. दिल्लीचा फायनान्सर गोड बोलून म्हणेल, ‘बस सिक्योरिटी के लिए दे दो जी, लगाएंगे थोड़े ही.’ आणि पाच-सहा कोरे चेक सही करून मागेल. देऊ नकोस. चेकवरची सही तुझी आहे एवढं एकदा ठरलं की कोर्ट गृहीत धरतं, ते देणं खरं होतं. खरं नव्हतं हे तू सिद्ध करायचं. रक्कम आणि तारीख कोणी भरली, याला फारसा अर्थ राहत नाही. स्वेच्छेनं सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे गृहीतक लागू होतं, असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये स्वच्छ सांगितलंय. चोऱ्या-खुनात सरकारला गुन्हा शाबीत करावा लागतो. इथं ओझं तुझ्या डोक्यावर. एकोणीसशे एकोणनव्वदच्या एप्रिलपासून चेक न वटणं गुन्हा ठरवणारं हे कलम लागू झालं, तेव्हा आम्ही बँकवाले खूश झालो होतो. आता म्हाताऱ्या माणसांना कोर्टाच्या बाकावर डबा उघडताना बघतो तेव्हा तेवढा आनंद होत नाही. पण कायदा तो कायदा.

द्यायचाच झाला तर चेकवर नाव, रक्कम, तारीख तूच घाल. कराराच्या कागदात प्रत्येक चेकचा नंबर आणि तो कशासाठी दिला ते लिहून घे. एक हप्ता फेडलास की त्या हप्त्याचा चेक त्याच दिवशी परत घे, ‘फाड़ दिया जी’वर समाधान मानू नकोस. मधेच थोडे पैसे दिलेस तर ते बँकेतूनच दे आणि चेकच्या मागे तशी नोंद करवून घे. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पुढच्या तारखेची अटळ गोष्ट असं समजून सही कर. त्या दिवशी खात्यात पैसे असतील अशी ‘आशा’ असेल तर ती वहीत लिही, चेकवर नाही.

आणि ‘स्टॉप पेमेंट’ची हुशारी करू नकोस. माझ्या काउंटरवर कितीतरी जण यायचे, वकिलानं सांगितलंय म्हणून चेक थांबवा म्हणायचे. बँक थांबवते. पण देणं खरं असेल तर त्यानं खटला थांबत नाही. खातं बंद केलं तरी नाही.

कंपनी काढली की आपण सुरक्षित, असंही तुमच्यातल्या त्या चष्मेवाल्याचं म्हणणं दिसतं. अर्धं बरोबर आहे. कंपनीचं कर्ज कंपनीचं. पण चेकवर सही करणारा आणि कारभार बघणारा डायरेक्टर खटल्यात येतो. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी त्याच्यावरचा खटला चालू राहतो. वर वैयक्तिक हमीपत्र लिहून दिलं असेल तर मग कंपनी असून नसल्यासारखी. म्हणून सह्यांचा अधिकार मैत्रीखातर घेऊ नकोस. ‘तू फक्त सही कर, हिशेब मी बघतो’ असं म्हणणारा मित्र कितीही चांगला नट असला तरी त्याला नाही म्हण. घरच्यांनाही यात ओढू नकोस. संयुक्त खातं असलं तरी ज्यानं चेकवर सही केली त्याच्यावरच गुन्हा लागतो, हे सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात ठरवून दिलंय. तेव्हा आईची सही कुठंही नको. आई ‘लेकीसाठी करते’ म्हणेल. तरी नको.

तारण म्हणून सिनेमाच दे. 1998 मध्ये सुषमा स्वराज माहिती व प्रसारण मंत्री असताना चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा जाहीर झाला आणि मग बँका हळूहळू या धंद्यात उतरल्या. त्याआधी सगळा कारभार खासगी सावकारांचा. पण त्या जुन्या लोकांचा एक रिवाज शहाणपणाचा होता. निगेटिव्ह लॅबमध्ये असायचं आणि लॅब लिहून द्यायची की फायनान्सरचे पैसे चुकते झाल्याशिवाय प्रिंट बाहेर पडणार नाहीत. म्हणजे तारण होतं सिनेमा, नटाची मान नव्हे. आज निगेटिव्ह नाही, पण ओटीटी आणि टीव्हीचे हक्क आहेत. त्या हक्कांवर फायनान्सरचा पहिला बोजा टाका, करारात लिहा की वसुली त्यातूनच होईल. तो कबूल झाला नाही तर समज, त्यालाही तुमच्या सिनेमावर विश्वास नाही. मग तू कशाला पैज लावतेस?

खटला कुठं चालेल, हेही आताच विचारून ठेव. तुम्ही वर्षभरात मुंबईला जाणार, वर्सोव्याला खोली घेणार. पण 2015 पासून कायदा असा आहे की चेक ज्याच्या नावे आहे त्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात फिर्याद होते. फायनान्सरचं खातं दिल्लीत, तर तारखेला दिल्लीत. शूटिंग गोरेगावला आणि हजेरी कडकडडूम्याला! एक-दोनदा गैरहजर राहिलीस की वॉरंट. मग निर्मात्याला कळतं, मग कास्टिंगवाल्यांना, आणि पुढची कामं गुपचूप दुसरीकडे जातात. करिअर मोडतं ते असं. एकदम कोसळत नाही, फोन यायचे कमी होतात.

एक गोष्ट तुला बाई म्हणून माहीत हवी, कारण कुणीतरी अर्धवट सांगून तुला बेफिकीर करील. पैशाच्या दिवाणी डिक्रीपोटी बाईला अटक करून कैदेत टाकता येत नाही, कायद्यातच तशी मनाई आहे. चेकच्या फौजदारी खटल्याला मात्र ही सवलत नाही. तिथं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बाई-पुरुष सारखेच.

दिवाणी कैदेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण या बाबतीत शिकलेली माणसंही चुकतात. लोकांना वाटतं, तुरुंगात जाऊन आलं की हिशेब संपला. दिवाणी कैद जास्तीत जास्त तीन महिन्यांची. त्या काळात कैद्याच्या जेवणाचा भत्ता धनकोनं भरायचा असतो, त्यानं भरला नाही तर कैदी सुटतो. गंमत वाटते ना? इंग्रजांच्या वेळचं कलम आहे. पण त्याच कायद्यात पुढं लिहिलंय की सुटका झाली म्हणून कर्ज फिटत नाही. तीन महिने भोगून बाहेर ये, देणं जिथल्या तिथं. राजपाल 2019 च्या सुरुवातीला सुटला आणि 2026 मध्ये त्याच देण्यापायी पुन्हा आत गेला. त्याला पैसे नव्हते की द्यायचे नव्हते, हे मला ठाऊक नाही आणि त्यावर मी बोलणार नाही. माझं म्हणणं त्यानं कोर्टाला दिलेल्या तारखांबद्दल आहे.

हे माझं खरं सांगणं आहे, म्हणून जरा थांबून वाच. धनकोपुढं दिलेला शब्द चुकला तर भांडण होतं. कोर्टापुढं दिलेला चुकला तर भांडण धनकोशी राहत नाही, न्यायाधीशाशी होतं. अडचणीत सापडलेला माणूस कोर्टात उभा राहिला की त्याला फक्त आजचा दिवस टळायला हवा असतो. वकील कानात म्हणतो, ‘महिनाभरात पन्नास लाख बोल, तारीख मिळेल.’ तो बोलतो. तारीख मिळते. महिन्यानं पैसे नसतात. न्यायाधीशाच्या वहीत मात्र ते वाक्य लिहिलेलं असतं, आणि पुढच्या वेळी तो वाचून दाखवतो. दिल्लीत ‘हो जाएगा जी’ हे नमस्कारासारखं बोललं जातं. बाजारात बोल, घरमालकाशी बोल, कोर्टात बोलू नकोस. तिथं एवढंच बोल: इतके पैसे आज घेऊन आले आहे, दरमहा इतके भरू शकते, हा माझ्या खात्याचा उतारा. रक्कम लहान असली तरी चालेल. महिना वीस हजार सांगून वीस हजार भरणाऱ्याकडे कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतं. पन्नास लाख सांगून पाच लाख भरणाऱ्याला आत पाठवतं. आणि प्रतिज्ञापत्र वकिलानं तयार केलेलं असलं तरी वाचल्याशिवाय त्यावर सही नाही. दुसऱ्याची सही तर स्वप्नातही नाही.

तडजोड लवकर कर. चेकचा खटला मिटवता येतो, दोघांनी मान्य केलं की संपला. उशीर केला तर मात्र रकमेवर टक्केवारीनं वरचा भुर्दंड बसतो. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये ते टक्के ठरवले, 2025 मध्ये गोव्याच्या एका खटल्यात कमी केले, पण तत्त्व तेच, जितकं वरचं कोर्ट तितकं महाग. कडकडडूम्यातही मध्यस्थी केंद्र आहे. तिथं जायला लाजू नकोस. अपिलात जायचं म्हटलंस तर दंडाच्या किमान वीस टक्के रक्कम आधी भरायला सांगू शकतात, म्हणजे ‘वर जाऊन बघून घेऊ’ यालाही पैसे लागतात.

काम मागायलाही लाजू नकोस. अमिताभची एबीसीएल कंपनी नव्वदच्या दशकात बुडाली तेव्हा तो यश चोप्रांकडे गेला आणि काम द्या म्हणाला. 2000 मध्ये ‘मोहब्बतें’ आणि ‘कौन बनेगा करोडपती’ दोन्ही आले, आणि देणी फिटली. राजपाल आत गेला तेव्हा सोनू सूदनं जाहीर केलं की त्याला सिनेमात घेतो, आगाऊ रक्कम देतो, ती पुढच्या कामातून वळती होईल, ही भीक नव्हे. मला त्याची ही रीत आवडली. नटाला पैसे उसने देण्यापेक्षा काम द्यावं. तूही मित्र अडचणीत असेल तर तेच कर.

बाकी किरकोळ. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापून येतो म्हणून कर भरून झाला असं नाही, उरलेला आगाऊ कर वेळेवर भर. पीपीएफचं खातं उघड आणि सिनेमासाठी कधीही मोडू नकोस. त्यातली रक्कम सावकाराच्या डिक्रीखाली जप्त होत नाही. तुमच्यातल्या ज्याचं लग्न ठरलंय त्यानं लग्नानंतर आयुर्विमा घेताना तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे घ्यावा, धनकोंचा त्यावर हात पोचत नाही. एजंट हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय मुंबईचं तिकीट काढू नका.

चेक परत गेलाच, तर हे पाठ करून ठेव. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत धनको नोटीस पाठवतो. नोटीस तुझ्या हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम दिलीस तर गुन्हाच होत नाही. हे पंधरा दिवस सोन्याचे. लोक ते रागावण्यात, वकील बदलण्यात आणि नोटीस परत पाठवण्यात घालवतात. पोस्टमनला ‘घरी नाही’ सांगून काही साधत नाही, योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस मिळाली असंच कोर्ट धरतं.

करारावर सही करायच्या आधी कागद माझ्याकडे घेऊन ये, रविवारी दुपारी असतोच. आणि कधी नोटीस आली तर त्याच दिवशी फोन कर, आईला सांगायच्याही आधी.